गोबीला हवी होती रेती

साकोली आणि आजूबाजूच्या गावांत फिश टँक बसवून द्यायचं आणि सांभाळायचं काम मी करतो. बहुतेक फोन ठरलेले असतात: पाणी हिरवं झालं, मोटर बंद पडली, गोल्डफिश उलटा तरंगतोय. मे महिन्यातला तो फोन वेगळा होता. पलीकडून एक आजोबा म्हणाले, "मासा मरत नाही जी, पण जगतही नाही. तोंडाला काही लावतच नाही. येऊन पाहा ना एकदा."

त्यांच्या शेताजवळची बोडी, म्हणजे छोटं तळं, उन्हानं आटत आली होती. मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींनी उरलेसुरले मासे काढले, तेव्हा जाळ्यात चिखलासोबत एक बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा मासा आला. नातवानं तो हट्टानं मागून घेतला आणि घरच्या टँकमध्ये दोन गोल्डफिशसोबत सोडला. घरच्यांना वाटलं, मरळीचं पिल्लू आहे, मोठं होईल.

मी पोचलो तेव्हा तो तळाला नव्हताच. मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या बाजूला, उभ्या काचेला चिकटून होता. मरळ काचेला चिकटत नाही. शिवाय मरळीच्या पाठीवर एकच लांबलचक पर असतो, याच्या पाठीवर दोन वेगवेगळे. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, तोंड रुंद, खालचा जबडा पुढे आलेला. काचेतून त्याचं पोट नीट दिसत होतं: खालचे दोन्ही पर एकमेकांना जोडून त्यांची छोटी वाटी झालेली, त्याच वाटीच्या जोरावर तो धरून होता. हा गोबी. शास्त्रात ग्लॉसोगोबियस गिउरिस. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतल्या माशांबरोबर याचंही वर्णन केलं. नद्यांत, तलावांत, थेट खाडीच्या मचूळ पाण्यातही हा राहतो. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांत आणि बोड्यांत तो दिसला तर नवल नाही.

त्या वाटीची कड लालसर झाली होती. पोट आत गेलेलं, डोक्यामागचा भाग खोल बसलेला. उपाशी मासा असाच दिसतो.

टँकच्या तळाला निळे-गुलाबी रंगवलेले खडे होते. गिट्टीचा चुरा रंगवून विकतात, तसे. बोट फिरवलं तर टोचतात. गोल्डफिशला त्यानं फारसा फरक पडत नाही, ते मधल्या पाण्यात फिरतात. गोबी मात्र दिवसभर पोटावर बसतो. पोहायला फार उठत नाही, तळावर टेकून वाट बघतो, भक्ष्य जवळून गेलं की झडप घालतो. ज्या जमिनीवर पोट टेकवता येत नाही, तिथून तो शिकार काय करणार? घरचे खाण्याच्या मागे लागले होते, रोज नवीन डबा आणत होते. मला मात्र खाणं आणि तळ या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्याच नाहीत.

खाण्याचीही गत तशीच. फ्लेक, म्हणजे डब्यातल्या खाण्याचे पातळ पापुद्रे, वर तरंगायचे, गोल्डफिश ते खाली येऊच देत नसत. जड दाणे खाली जायचे, ते खड्यांच्या फटीत शिरून सडायचे. नातू प्रेमानं भाताची शितं टाकत होता. गोबीला हलणारं, मांसाचं खाणं लागतं: अळ्या, झिंगे, बारीक मासे. भात त्याच्या कामाचा नाही.

खडे काढायचे ठरलं. रेती कुठून आणायची, हा प्रश्नच नव्हता. घराचं बांधकाम झालेलं, अंगणात ढिगारा पडलेला होता. वैनगंगेची रेती, पण बांधकामाच्या ढिगातली जशीच्या तशी टाकणं धोक्याचं. सिमेंट सांडलेलं असू शकतं, म्हणून वरचा थर बाजूला सारून आतली घेतली. पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळली, जाड खडे वर राहिले. मूठभर रेतीवर व्हिनेगर ओतून पाहिलं. बुडबुडे आले असते तर तिच्यात चुन्याचा अंश आहे आणि पाणी हळूहळू जड होत जाईल, असं समजलो असतो. आले नाहीत. मग बादलीत पाणी घालायचं, हातानं ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं. सूनबाई आणि नातू दोघंही लागले. पाणी नितळ निघेपर्यंत दुपार टळून गेली, पण या कामात घाई केली की टँक आठवडाभर मातकट राहतो.

टँकचं निम्मं पाणी बादल्यांत काढून ठेवलं होतं, तेच परत भरलं. उरलेलं बोअरचं. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते, ते थेट टाकू नका म्हणून आजोबांना बजावलं. फिल्टरचा स्पंजही टँकच्याच पाण्यात पिळला. नळाखाली धुतला असता तर घाण पचवणारे जिवाणू मेले असते. रेतीचा थर दोन बोटं ठेवला. जास्त जाड केला की खाली हवा पोचत नाही, काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. एका कोपऱ्यात फुटक्या कुंडीचा तुकडा पालथा घातला, लपायला.

गोबीला सोडलं. तो खाली उतरला, थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग अंग दोन-तीनदा झटकलं, रेती दोन्ही बाजूंना उडाली आणि पोट आत बसलं. वरून पाहिलं तर डोळे आणि पाठीची रेघ, बस. रंगही रेतीत मिसळून गेला. नातू ओरडला, "आजोबा, मासा गेला कुठं?"

खाण्याची पाळी संध्याकाळी. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी लावलेली होती, तिथली ओली माती उकरली तर गांडुळं मिळाली. एक धुतलं, बारीक तुकडे केले. गोल्डफिशना दुसऱ्या टोकाला त्यांचे दाणे टाकून गुंतवून ठेवलं, खोलीतला दिवा बंद केला आणि लांब चिमट्यानं एक तुकडा रेतीला टेकवून हळूच हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. गोबीचे डोळे तेवढे फिरले. तिसऱ्यांदा तुकडा त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला आणि चिमट्याला झटका बसला. तुकडा गायब, चिमट्याच्या टोकाला रेतीचा धुरळा. आजोबा खाटेवरून उठून काचेजवळ आले. "घेतला काय?"

"घेतला जी."

त्याला अजून दोन तुकडे दिले आणि थांबलो. उपाशी माशाला एकदम भरवू नये. पुढच्या खाण्याचं नातवाला सांगून ठेवलं: दिवसाआड संध्याकाळी, खाईल तेवढंच, उरलं तर काढून टाकायचं. ढिवरांकडून जिवंत झिंगे मिळाले तर उत्तम. गटारातले बारीक लाल किडे आणायचे नाहीत, त्यांच्यासोबत रोग येतो. कोंबडीची कलेजी, मटणाचे तुकडेही नकोत. ती चरबी माशाला पचत नाही.

निघताना आजोबांनी विचारलं, पाऊस पडला, बोडी भरली की याला परत सोडून द्यावं का. मी नको म्हणालो. दुकानातल्या गोल्डफिशच्या पाण्यात राहिलेला मासा बोडीत गेला तर त्याच्यासोबत कोणते किडे, कोणता आजार जाईल याचा नेम नाही, आणि त्या बोडीवर गावातली कुटुंबं मासे धरून पोट भरतात. एकदा ठेवला, तर ठेवायचाच. मात्र हा हातभरापर्यंत वाढू शकतो, बारीक मासे गिळतो, म्हणून त्याला लांब आणि पसरट टँक लागेल.

"म्हणजे गोल्डफिश वेगळे करा म्हणता."

"लवकरच करा. त्यांना हे ऊनही सोसत नाही."

आजोबांनी सूनबाईकडे पाहिलं. ती रेतीची चाळणी धुऊन भिंतीला टेकवत होती. म्हणाली, "जुना टँक त्याला राहू द्या. गोल्डफिशसाठी छोटा आणा, पण रंगीत खडे नका देऊ भाऊ, रेती आहे घरी."