इतक्या जुन्या धनुष्यावर कानस चालवायला हात कसा धजला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या तिरंदाजीच्या क्लबात जुनी धनुष्यं जमवणारी मंडळी हा प्रश्न जरा दुखावल्या आवाजात विचारतात: पन्नास वर्षांहून जुनं, बेअर कंपनीचं ग्रिझली धनुष्य, आणि तुम्ही त्याची मूठ तासलीत? मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या मैत्रिणींना वेगळंच हवं असतं: हे घरी करता येतं का, आणि कसं? दोघांनाही मी आजवर उभ्याउभ्या अर्धवट उत्तरं दिली. आज बसून सांगते.

मिशिगनमध्ये उत्तरेकडे निघालं की ओ सेबल नदीकाठी ग्रेलिंग नावाचं छोटं गाव लागतं. फ्रेड बेअर यांनी 1947 मध्ये डेट्रॉइटहून आपला धनुष्यांचा कारखाना तिथे हलवला, आणि 1978 मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्झव्हिलला गेला. मधल्या तीस वर्षांत त्या गावातून इतकी शिकारीची धनुष्यं बाहेर पडली की इथल्या गॅरेज सेलमध्ये ती अजून सापडतात. माझं असंच सापडलं, बर्फ ओढायच्या फावड्यांच्या मागे उभं केलेलं. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. लांबी 58 इंच, ताण 45 पौंड. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, 1953 चं आहे, त्यावर लिहिलंय बघा. तो आकडा कॅनडातल्या पेटंटचा आहे आणि पुढे कित्येक वर्षं धनुष्यांवर तो तसाच छापला जात होता. खरं वय सांगतं ते मुठीच्या वरच्या बाजूला लाकडात बसवलेलं नाणं. माझ्या धनुष्याचं नाणं पितळी आणि लाकडाशी सपाट आहे, म्हणजे ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं.

जमवणाऱ्यांना आधी एवढंच सांगते. तांब्याचं नाणं असलेलं, त्याच कारखान्याचं 1959 चं कोडियाक हाती आलं असतं, तर मी त्याला पॉलिश पेपरसुद्धा लावला नसता. ग्रिझली तसं दुर्मीळ नाही. त्यात माझ्याआधीच्या मालकाने नेम धरायची साइट बसवायला लाकडात दोन भोकं पाडलेली होती. म्हणजे काचेच्या कपाटात जायची त्याची वेळ आधीच टळली होती. पाती, म्हणजे मुठीच्या वरचे-खालचे वाकणारे भाग, मात्र सरळ होती, पीळ नव्हता, त्यांच्यावरच्या काचतंतूंच्या (फायबरग्लासच्या) थरात आडवी चीर नव्हती. ते धनुष्य बाण सोडायला तयार होतं, फक्त माझ्या हातातून सुटत नव्हतं.

माझा हात लहान आहे. मूठ मोठ्या हाताच्या माणसासाठी घडवलेली होती, पोट फुगलेली, खालच्या टोकाला जाड. धनुष्याची मूठ कुऱ्हाडीसारखी घट्ट धरायची नसते हे सुरुवातीलाच शिकवतात. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मुठीच्या खोलगट भागात बसवायचं, ताण अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गादीवर घ्यायचा, आणि बोटं सैल सोडायची. तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या पलीकडे, करंगळीच्या बाजूला, लाकूड लागता कामा नये. लागलं की तळहात एका बाजूने ढकलतो, ओढ पूर्ण झाली की मूठ किंचित फिरते, आणि दोरी सुटताना धनुष्य त्या पिळासकट सुटतं. मी उजव्या हाताने दोरी ओढते, धनुष्य डाव्या हातात. माझे बाण डावीकडे जायचे. पहिले सहा कमी, थकल्यावरचे सहा हमखास.

गवताच्या गठ्ठ्यावर चार बोटं डावीकडे गेलेला बाण उपटून परत आणता येतो. मी हे धनुष्य हरणाच्या शिकारीसाठी घेतलं होतं. हरणाच्या बाबतीत चार बोटं म्हणजे जखमी होऊन रात्रभर झाडीत फिरणारं जनावर. मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. दोन वर्षं मी परवाना काढला आणि हे धनुष्य घेऊन जंगलात गेले नाही.

लोकांनी सुचवलं, मूठ बदलता येणारं नवीन, तीन तुकड्यांचं धनुष्य घ्या. चांगला सल्ला आहे, नवशिक्यांना मीही तोच देते. पण माझ्या मनात आजीचं खुरपं होतं. आमच्याकडे सातारच्या बाजूला खुरप्याला नवीन मूठ बसवली की आजी ती चार दिवस वापरायची, कुठे घट्टा पडतोय ते बघायची, आणि मग बांगडीच्या नव्हे तर बाटलीच्या फुटक्या काचेने तेवढीच जागा खरवडायची. लाकडाची झिलपी काचेखालून केसासारखी निघायची. आईचं खुरपं वेगळं, आजीचं वेगळं. अंधारातही हातात आलं की कुणाचं ते कळायचं. खुरप्यासाठी जे करायला कुणी परवानगी मागत नव्हतं, ते धनुष्यासाठी करताना मला दोन वर्षं लागली.

आता कसं केलं ते.

दोरी उतरवली. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण चढवलेल्या धनुष्यावर हत्यार लावायचं नाही. पात्यांना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या, बाण टेकतो तो कट्टा आणि नाणं चिकटपट्टीने झाकलं. मग तळहाताला तांदळाची पिठी लावली, डोळे मिटले, नेहमीसारखं धनुष्य धरलं आणि सोडलं. गडद लाकडावर माझा हात पांढरा उमटला. अंगठ्याच्या गादीखाली पिठी पुसट, जेमतेम लागलेली. करंगळीच्या बाजूला आणि खालच्या टोकाला मात्र जाड, दाबलेली, त्वचेच्या रेषांसकट. दोन वर्षं जे बाणांकडे बघून ताडत होते ते समोर होतं. दहा वेळा पुसून दहा वेळा उमटवलं. प्रत्येक वेळी तेच. त्या पांढऱ्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मारली, आणि मुठीच्या पुढून-मागून मधोमध उभी रेघ काढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी लाकूड मोजून जाईल.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम कुठे तासायचं नाही याचा आहे. बेचकं बसतं त्या खोलगट भागाला हात लावायचा नाही. दोरीचं मुठीपासूनचं अंतर तिथून मोजतात, आणि हाताचा सगळा रेटा तिथे येतो. ती जागा खोल केली की हात दोरीपासून तेवढा दूर बसतो, धनुष्य तेवढं कमी ओढलं जातं, आणि अशा धनुष्यात ओढ इंचभर घटली की ताण साधारण दोन-अडीच पौंडांनी घटतो. शिवाय लाकूड आधीच तिथे सगळ्यात कमी असतं. ते आणखी बारीक करून पन्नास वर्षांच्या लाकडाकडून ताकदीची अपेक्षा धरणं मला तरी जमणार नाही. लाकूड काढायचं ते बाजूंनी आणि खालच्या टोकाने. आणि काचतंतूंचा थर जिथे सुरू होतो तिथे कानस पोचू द्यायची नाही.

मी अर्धगोल कानस वापरली, एका बाजूला वीस हात, मग दुसऱ्या बाजूला वीस. मशीन वापरू नका. फिरत्या पट्ट्यावर दोन सेकंदांत जे जातं ते परत येत नाही, आणि हाताला विचार करायला वेळच मिळत नाही. दर चाळीस हातांनंतर थांबायचं, पिठी लावायची, धरायचं, बघायचं. घेर दोऱ्याने मोजत होते: सुरुवातीला 12.4 सेंटीमीटर, शेवटी 11.5. नऊ मिलिमीटरला चार रविवार लागले. सगळा वेळ तोंडावर मास्क होता. या दाट, लालसर लाकडांची भुकटी छातीला आणि कातडीला बाधू शकते. ती भुकटी मी एका डबीत साठवत गेले, आणि बरं झालं.

कारण तिसऱ्या रविवारी चूक झाली. खालच्या टोकाला फुगवटा बराच होता, काम मजेत चाललं होतं आणि मी मोजणं सोडलं. हातात धरल्यावर मनगट खाली पडल्यासारखं वाटलं, टेकायला काहीच नाही. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने ग्रेलिंगला ही मूठ घासून गुळगुळीत केली असेल त्याचं काम मी बिघडवलं, हे मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याच लाकडाची भुकटी इपॉक्सीत कालवली, घट्ट पिठल्यासारखी केली आणि खोल गेलेल्या जागी भरली. पूर्ण कडक व्हायला दोन दिवस दिले, मग पुन्हा घासलं. रंग मूळच्यापेक्षा एक छटा गडद झाला आहे, जवळून बघितलं तर डाग दिसतो. मी तो झाकला नाही.

पॉलिश पेपर 80 नंबरच्या खरखरीतपासून सुरू केला, मग 120, 220, 320. पट्टी कापून, बूट पुसताना कापड ओढतात तशी दोन्ही हातांनी मुठीवरून मागेपुढे ओढायची. गोलाई आपोआप जुळते. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसलं. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते पुन्हा घासायचे, नाहीतर पहिल्या दमट सकाळी मूठ खरखरीत होते. शेवटचा हात मी बाटलीच्या काचेने फिरवला. गरज होती असं नाही, पण मला ते करायचं होतं.

वरून बंदुकीच्या दस्त्यांना लावतात ते तेल, बोटाने चोळून, पातळ, सहा हात. मूळची चकाकी मुठीवर आता नाही, आणि ते मला पसंत आहे. थंडीत बोट घसरत नाही, झाडीत ऊन पडलं तर चमकत नाही. वरच्या लाकडाची चमक आणि मुठीचा मंदपणा जिथे भेटतात तिथे सीमा स्पष्ट दिसते. ती मिटवायची तर सगळं धनुष्य खरवडावं लागलं असतं.

दोरी डेक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची चढवली. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका या काळातल्या टोकांना सोसत नाही.

मग पंधरा यार्डांवर बाण सोडले. पहिल्या दिवशी ते सगळीकडे गेले, कारण हात जुन्या सवयीने लाकूड शोधत होता. आठवड्याभराने डावीकडचं ओढणं गेलं. थकल्यावरचे सहा बाणही मध्याच्या आसपास राहू लागले तेव्हा मी परवाना काढला आणि या वेळी धनुष्य घेऊन गेले. पहिल्या दोन आठवड्यांत एक मादी पंचवीस यार्डांवर आली. माझी मर्यादा पंधराची, म्हणून धनुष्य उचललं नाही. तिसऱ्या आठवड्यात दुसरी बारा यार्डांवर आली. ती साठ पावलांत पडली.

किंमत कमी झाली का, हेही विचारता. हो, झाली. जमवणारा आता याला हात लावणार नाही. तुमच्याकडे घरात पडलेलं एखादं असेल तर कानस हातात घेण्याआधी नाणं, क्रमांक आणि पाती जाणकाराला दाखवा. मूठ बारीकच असेल आणि तुमचा हात मोठा असेल तर तासायचं कामच नाही. चामड्याची पट्टी गुंडाळा, ती नको झाली तर काढता येते.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. परवा तिने पिठी लावून हे धनुष्य धरलं. तिचा ठसा उमटला तो भलतीकडेच, मधोमध, आणि अंगठा हवेत. तिच्यासाठी 25 पौंडांचं शोधते आहे, शक्यतो आधीच भोकं पडलेलं.