गच्चीवरची लाटपेटी: रेतीचा दांडा आला एकदाचा!

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. मागच्या वेळेपर्यंत पेटी नुसती पाणी हलवत होती, आता ती किनारा बनवतेय. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, ८ बाय ४ फुटाची प्लायची पेटी, आत ताडपत्री, एका टोकाला ॲक्रिलिकचं पॅडल आणि त्याला कबाड्याकडून आणलेली गाडीची वायपर मोटर. मिनिटाला साधारण ४५ नाहीतर ६५ फेऱ्या, म्हणजे दर १.३ किंवा ०.९ सेकंदाला एक लाट. स्केल १:१०० धरलं तर वेळ त्याच्या वर्गमुळाने म्हणजे १० पट मोजायचा, त्यामुळे खऱ्या समुद्रातल्या ९ ते १३ सेकंदांच्या लाटा झाल्या, आपल्या कामाला चालतात.

फ्लॅटवाल्यांनो, आधी वजन बघा. १० सेंटीमीटर पाणी भरलं तरी या पेटीत ३०० लिटर जातं म्हणजे ३०० किलो, वरून रेती वेगळी. माझी पेटी बीमच्या वर ठेवलीय.

भिंतीवर आपटून लाट परत येत होती आणि सगळा पॅटर्न बिघडवत होती, त्यावर उपाय नागपुरातच सापडतो, कूलरचं जुनं गवत! बाजूच्या भिंतींना उतार देऊन गवताचा थर लावला, लाट त्यात शिरते आणि मरते. उन्हाळा संपला की हे गवत फुकट मिळतं, साठवून ठेवा.

आता रेती. आपल्या कन्हान नदीचीच आहे, चाळून बारीक घेतलीय. काही जणांनी विचारलं होतं की समुद्रकिनारा करतोय तर कोकणातून का नाही मागवली. अरे, पण कन्हानची रेती समुद्राचीच आहे ना, फक्त अजून पोचायची आहे! कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणून मी कोकण सोडून गोदावरीच्या मुखाचाच तुकडा करायचं ठरवलं. कोकणात तसंही दोन खडकाळ टोकांच्या मधे अडकलेल्या छोट्या छोट्या पुळणी जास्त, रेती लांबवर सरकताना बघायची तर पूर्व किनारा बरा.

पहिला प्रयोग सोपा, लाटा सरळ किनाऱ्यावर. पॅडलचा झोका लहान आणि मोटर हळू ठेवली की रेती वर चढत जाते, झोका मोठा आणि मोटर जोरात केली की पुळण खरवडून निघते आणि थोडं आत पाण्याखाली तिचा आडवा उंचवटा तयार होतो. पुन्हा हळू केलं की तीच रेती परत. कोकणातल्या पुळणी पावसाळ्यात बारीक होतात आणि दिवाळीनंतर भरतात ते हेच, रेती हरवलेली नसते, आत जाऊन बसलेली असते. ऑगस्टमधे फोटो काढून किनारा खचला म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. जाड रेतीने पुळण जास्त खडी होते हेही दिसलं, कारण चढलेलं पाणी दाण्यांच्या मधून खाली मुरतं आणि परत जाताना ओढायला जोर उरत नाही.

मग किनारा पॅडलशी तिरपा केला. मूठभर रेती लाल ऑइलपेंटने रंगवून, सुकवून एका टोकाला ठेवली (रांगोळी नका वापरू, फार बारीक असते, पाण्यात तरंगत निघून जाते). लाट तिरपी चढते पण उतरताना सरळ उताराने खाली येते, पुन्हा तिरपी चढते, असं करत करत लाल दाणे किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरकत जातात, तासभर नुसतं बघत बसलो तरी कंटाळा नाही. हाच लाँगशोअर ड्रिफ्ट. पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशोब केला तर तो उत्तरेकडे जातो, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटांमुळे.

आणि आता मेन बातमी. किनाऱ्याला पुढे एकदम आत वळवलं, खाडीसारखं. रेतीला वळायचं काही सुचेना, ती सरळ पुढे पाण्यात जात राहिली आणि तिथे दांडा, म्हणजे पाण्यात घुसलेली रेतीची लांब पट्टी, उभा राहिला! टोक आत वाकलेलं, मागे शांत पाणी, अगदी पुस्तकातला आकार. आंध्रातल्या काकीनाड्यासमोरचं होप आयलंड असंच आहे, गोदावरीची रेती उत्तरेकडे सरकत जाऊन झालेला साधारण १६ किलोमीटरचा दांडा. त्याच्या आडोशामुळे काकीनाडा बंदराला शांत पाणी मिळतं आणि आत कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. म्हणजे त्यात थोडी आपली कन्हान पण असणार, विचार करून भारी वाटतं राव.

नदीसाठी कूलरचा पंप लावलाय, मी वरून रेती टाकत राहतो. रेती टाकणं बंद केलं आणि पाणी तसंच चालू ठेवलं तर? नदीचं मुख मागे सरकायला लागतं, आधी टोक बोथट होतं, मग दांड्याची मान बारीक होत जाते. बाहेर तेच चाललंय, वैनगंगेवर गोसीखुर्द, पेंचवर तोतलाडोह, खाली गोदावरीवर आणखी धरणं, पाणी सोडतात पण गाळ मागे राहतो, वरून रेतीघाट आहेतच. गोदावरीचा गाळ समुद्रात आधीपेक्षा बराच कमी पोचतो.

मग उपाय करून बघितले. आधी ग्रॉइन, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्यात काढलेला आडवा बांध. एका बाजूला मस्त त्रिकोणी पुळण भरली आणि दुसऱ्या बाजूची काड्यापेटीची घरं पाण्यात. पुढे दुसरा ग्रॉइन टाकला तर खड्डा त्याच्या पुढे सरकला. चेन्नईला बंदराच्या भिंतीने हेच केलं, दक्षिणेला मरीना बीच रुंद झाला आणि उत्तरेला रॉयपुरमचा किनारा खाल्ला गेला. मला विचाराल तर ग्रॉइन हा शेजाऱ्याच्या खिशातून घेतलेला पैसा आहे.

उभी भिंत त्याहून वाईट निघाली. मागची घरं वाचली पण लाट भिंतीवर आपटून खालचीच रेती उकरते, पुळण गायब आणि पाया उघडा. गिट्टीचा उतार केला तर लाट बरीच जिरते, भिंत टिकते, पण पुळण काही परत येत नाही. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा म्हणून सगळीकडे हेच मंजूर होतं, कारण उद्घाटन करता येतं.

सगळ्यात आवडला तो रेती ओतायचा प्रकार. वरच्या बाजूला एक ढीग टाकला आणि लाटांनाच वाटू दिला. नेदरलँड्समधे २०११ साली अशीच २ कोटी १५ लाख घनमीटर रेती एका जागी टाकली होती, सँड मोटर म्हणतात तिला, पुढचं पसरवायचं काम वाऱ्याला आणि लाटांना. माझ्या पेटीत ढीग वाहून गेला खरा, पण खालच्या सगळ्या गावांना थोडी थोडी मिळाली. पुन्हा पुन्हा टाकावी लागते हा खर्च आहेच आणि ती कुठून आणायची हाही प्रश्न. घरं मागे घेतली तर काहीच करावं लागलं नाही, सीआरझेडचे म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम १९९१ पासून त्याचसाठी आहेत, पण वसलेलं गाव हलवणं काड्यापेटीइतकं सोपं नाही.

पुढचं काम दाण्यांचं. समुद्राची ०.२ मिलिमीटरची रेती १०० ने भागली तर चिखलच होतो, आणि तो एकमेकांना चिकटतो, रेतीसारखा वागत नाही. म्हणून अशा मॉडेलमधे हलकं मटेरियल वापरतात, कोळशाचा चुरासुद्धा. कोळसा रेतीच्या जवळपास अर्ध्या वजनाचा, त्यामुळे दाणा मोठा ठेवूनही लहान लाटेने हलतो. उमरेड-कामठीकडे कोणाची ओळख असेल तर धुतलेला, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला चुरा एक पोतं पाहिजे, पैसे देतो, गाडी घेऊन येतो.