मझागाओच्या तटावरून जुने गोवे

मोरोक्कोच्या प्रवासातले बहुतेक दिवस फेझ आणि माराकेशसाठी राखून ठेवले होते. त्यातला एक मी हट्टाने अल जदीदासाठी काढून घेतला. "पोर्तुगिजांचा किल्लाच पाहायचा तर एवढ्या लांब कशाला यायला हवे होते, आपल्या गोव्यातला आग्वाद काय वाईट आहे?" हा पत्नीचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

कॅसाब्लांकाच्या नैर्ऋत्येस सुमारे 90 किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठी वसलेल्या या शहराला पोर्तुगीज मझागाओ म्हणत. (नाव ऐकून मुंबईचे माझगाव आठवते, पण साम्य उच्चारापुरतेच.) 1541 मध्ये अगादीर हातचे गेल्यावर राजा तिसरा जुआंव याने साफी आणि अझेम्मूर ही ठाणी सोडून दिली आणि सारी ताकद इथे लावली, आज दिसणारा जाडजूड, उताराचा तट त्याच वर्षापासूनचा. बालेकिल्ल्याची मुख्य रस्त्यासह सगळी वस्ती अर्ध्या तासात पालथी घालता येते. आम्हाला मात्र संध्याकाळ झाली.

त्याला मुख्य कारण पाण्याची टाकी. सुमारे 34 मीटर लांबी-रुंदीच्या या भूमिगत दालनात पाच-पाच दगडी खांबांच्या पाच रांगा असून त्यांवर कमानी तोललेल्या आहेत, आणि छताच्या मध्यावरील एकाच गोल झरोक्यातून खाली उतरणारा प्रकाश जमिनीवर साचलेल्या बोटभर पाण्यात असा पसरतो, की प्रत्येक खांब उलटा होऊन पायाखाली आणखी एक दालन तयार होते. एका दुकानदाराने दुकान वाढवण्यासाठी भिंत फोडली आणि 1916 मध्ये ही विस्मृतीत गेलेली टाकी उजेडात आली, असे सांगतात. आग्वादच्या टाकीच्या छतावरून आम्ही कितीदा चाललो असू. तशा एखाद्या टाकीच्या पोटात उभे राहण्याची ही पहिलीच वेळ.

बाहेर आलो तर एक मुलगा डोक्यावर फळी घेऊन चालला होता आणि फळीवर, फडक्याखाली, कणकेचे चार फुगलेले गोळे होते. त्याच्या मागोमाग गेल्यावर समुद्राकडच्या दरवाजाजवळ वस्तीची सामाईक भट्टी सापडली. आपल्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत उंडे (गोल पाव) घरोघर पोचवतो, इथे घरे आपली कणीक घेऊन भट्टीकडे येतात. कोणाची भाकर कोणती हे भट्टीवाला कसा ओळखतो, हे खुणांनी विचारले, तेव्हा त्याने भाकरीवरचा बोटाचा ठसा दाखवला आणि पुन्हा कामाला लागला.

1769 मध्ये सुलतान मोहम्मद बेन अब्दल्लाच्या वेढ्यापुढे पोर्तुगिजांनी हे गाव रिकामे केले, जाताना तटाला सुरुंग लावले आणि रहिवाशांना आधी लिस्बनला, तिथून ब्राझीलमध्ये नेऊन नवे मझागाओ वसवले. पुढची काही दशके हे ठिकाण 'अल महदूमा', म्हणजे उद्ध्वस्त, याच नावाने ओळखले जात होते. 'अल जदीदा', म्हणजे नवी, हे नाव एकोणिसाव्या शतकातले. नंतर मुसलमान आणि ज्यू कुटुंबे तटाच्या आत राहायला आली. आज चर्च आणि मशीद जवळजवळ उभी आहेत आणि देवदूताच्या बुरुजावरील तोफांच्या खालच्या गच्च्यांवर लोकांचे कपडे वाळत असतात.

साथींनी ओस पडलेल्या जुन्या गोव्यात मात्र चर्चे तेवढी उरली आणि त्यांच्यामधली घरे गेली. 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, एरवी संध्याकाळी पाचनंतर हिरवळीवर पहारेकरी आणि आपण. दोन्ही ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत आहेत, जुने गोवे 1986 पासून आणि मझागाओ 2004 पासून. पण वारशात राहणारी माणसे मला इथेच दिसली, आणि खरे सांगायचे तर थोडा हेवा वाटला.

भट्टीजवळून परतताना तो मुलगा पुन्हा भेटला. फळीवरच्या भाकऱ्या आता तांबूस झाल्या होत्या. पत्नीने त्यांच्याकडे इतक्या निरखून पाहिले, की त्याने एक मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. तिने त्यातला तुकडाही मला दिला नाही.