२४० चा वेग आणि ६४ मिलिसेकंद

डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते आणि गिग संध्याकाळी सातला, लोअर परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात. डेथ मेटल (गुरगुरता गळा, सुसाट ड्रम, जड गिटारी) ऐकायला पुण्याहून येणाऱ्याला मधले आठ तास काढावेच लागतात. मी ते धोबी तलावला काढतो. कयानीत बन मस्का, मग झेवियर्सच्या बाजूने रंगभवन या खुल्या नाट्यगृहापर्यंत चालत.

१९८६ साली सुरू झालेलं इंडिपेन्डन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल इथे उघड्या आभाळाखाली गाजलं. पण शेजारी कॉलेज, जवळ जीटी आणि कामा ही रुग्णालयं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि कोर्टांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात गेला आणि पुढे रंगभवनातले अ‍ॅम्प गप्प झाले. खाटेवरच्या पेशंटच्या बाजूने बघितलं तर बरोबरच झालं. पण मुंबईचं मेटल त्यानंतर बहुतेक चार भिंतींतच शिरलं.

क्लबबाहेरच्या रांगेत टी-शर्ट वाचत उभं राहिलं की इथल्या डेथ मेटलचा इतिहास फुकटात कळतो. डेमॉनिक रेझरेक्शनचे सगळ्यात जास्त. साहिल मखीजाने २००० मध्ये उभा केलेला हा बँड २०१० ला नॉर्वेच्या इन्फर्नो फेस्टिव्हलमध्ये वाजला, २०१४ ला जर्मनीत वाकेन या मेटलच्या जत्रेत. २०१७ चा ‘दशावतार’ हा अल्बम म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. मखीजाने रेकॉर्ड लेबलही स्वतःच काढलं. दुसरं कोण छापणार होतं म्हणा. बाकीच्या पाठींवर २००७ पासूनचा मुंबईचाच बँड गटस्लिट, पगडीवाल्या कवटीसकट. वाकेनला जाऊन आलेल्यांनाही घरी परतल्यावर अशाच खोल्यांत वाजवावं लागतं. पाण्याची बाटली दीडशे रुपये.

तीन बँड, ड्रमकिट एकच, मध्ये पंधरा मिनिटं. यात सगळा बँड वाजवून बघायचा साउंडचेक होत नाही, एकेक वाद्य येतंय का एवढंच बघणारा लाइनचेक होतो: किक (पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर, टॉम, बेस, गिटारी, शेवटी गळा. तेवढ्यात गिटारवाल्याची वेगळीच तारांबळ. बाहेरच्या दमट उकाड्यातून एसीत आणलेली गिटार थंड होते, तारा आकसतात आणि सूर चढतो. ‘बी’ या खालच्या सुरापर्यंत उतरवलेल्या जाड तारांवर हे लगेच ऐकू येतं. ट्यून करून घ्यावी तर डोक्यावरचे दिवे लागतात, तारा तापतात आणि सूर पुन्हा खाली. केसमधून काढून दहा मिनिटं स्टेजवर उघडी ठेवायची आणि मगच ट्यूनर लावायचा, हा साधा उपाय. पण पंधरांतली दहा मिनिटं देणार कोण?

खरी गंमत दुसऱ्या बँडला झाली. गंमत त्यांच्यासाठी नव्हे.

या संगीतात डबल पेडलवर दोन्ही पाय सुटतात तेव्हा ठोके ताशाच्या तर्रीसारखे पडतात, फक्त खर्जात. २०० चा टेम्पो म्हणजे मिनिटाला २०० मात्रा, आणि एका मात्रेत चार ठोके म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. लहान खोलीत खर्जाची गुंज एवढ्या लवकर विरत नाही, ठोके एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो. म्हणून किकच्या कडेला ट्रिगर नावाचा छोटा सेन्सर लावतात. तो कातड्याची थरथर पकडून मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या पेटीला, सांगतो आणि मॉड्यूल दर वेळी तोच कोरा, टोकदार ‘टक्’ काढतं. याला फसवेगिरी म्हणणारे अजून आहेत. पाय तर ड्रमरचेच चालतात, त्यामुळे मला तो आक्षेप कधीच पटला नाही.

पण ट्रिगर नाठाळ असतो. सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवली तर शेजारच्या बेसच्या कंपनानेही वाजतो किंवा एका ठोक्याचे दोन करतो. ते टाळायला ‘मास्क टाइम’ असतो: एक ठोका वाजला की इतके मिलिसेकंद पुढचं काही ऐकायचं नाही. आधीच्या बँडच्या कुणीतरी तो थेट ६४ वर नेऊन ठेवला होता. त्यांची गाणी संथ, त्यांना काही जाणवलं नाही.

दुसऱ्या बँडची पहिली तीन गाणी २२० च्या आत होती. २२० ला दोन ठोक्यांत ६८ मिलिसेकंद असतात, ६४ च्या चार पुढे, म्हणून सगळं सुखरूप निघालं. चौथं गाणं २४० चं. तिथे अंतर साडेबासष्ट. म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका ६४ च्या आत पडणार आणि मॉड्यूल तो गिळणार. झालंही तसंच. मी कडेला, किकपासून सात-आठ फुटांवर होतो. ड्रमरचे दोन्ही पाय पूर्ण वेगात चालले होते, घोटे दिसत होते. स्पीकरमधून मात्र बरोब्बर निम्मे ठोके येत होते, एका पायाने वाजवल्यासारखे. मागून कुणीतरी म्हणालं, “दमला रे!” त्याने ऐकलं असावं, कारण तो आणखी जोरात मारायला लागला. जोराचा इथे काही उपयोग नव्हता.

गायकाने वैतागून माइकची जाळी मुठीत धरली. गुरगुर जाड व्हावी म्हणून सगळे तेच करतात. मूठ बसली की माइकच्या मागची भोकं बंद होतात, मग तो समोरचं तेवढं न ऐकता चहूकडचं ऐकतो. बँडकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर स्पीकर शिट्टीसारखा किंचाळला. मूठ दोन बोटं खाली, दांड्यावर धरली असती तर निदान तो गोंधळ वाचला असता.

सेट संपल्यावर ड्रमरने पेडल सोडवायच्या आधी मॉड्यूल उघडलं, आकडा बघितला आणि काही न बोलता तिसऱ्या बँडच्या ड्रमरला दाखवला. त्याने तो १० वर आणला. मग तिसऱ्या बँडची किक अशी स्वच्छ वाजली की दुसऱ्या बँडचा ड्रमर बारजवळ पाठ करून उभा होता.

स्लो लोकलने दोन स्टेशनं, दादर, तिथून पुण्याची बस.