देवबाग ते पवई : डॉक्टरांच्या वाटेनं

मालवणहून सुटलेली एसटी तारकर्ली मागे टाकते आणि जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, मध्ये माडांच्या सावलीतला एकच रस्ता. हा रस्ता संपतो तिथं देवबाग. लोक इथं संगम बघायला येतात, होडीतून बेटावर जातात, माशाचं ताट जेवतात. मी आलो होतो डॉक्टर दत्ता सामंतांचं गाव बघायला. माझे आजोबा मुंबईत कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आणि डॉक्टरांच्या नेतृत्वाखालच्या १९८२ च्या गिरणी संपात होते. आमच्या घरात 'डॉक्टर' म्हटलं की ते एकच.

किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं. त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. "डॉक्टर ह्याच गावचे," म्हणाले. "माझो बापूस त्यांच्याच युनियनात होतो." मग नदीच्या दिशेनं बघत राहिले. मीही आणखी काही विचारलं नाही.

या चिंचोळ्या पट्टीवर उभं राहिलं की कोकणी माणूस मुंबईला का गेला, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. शेत करायला जमीन किती, तर दोन पाण्यांच्या मधोमध मावेल तेवढी. आजोबा मालवणच्या बंदरातून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरले होते. मी कुडाळला कोकणकन्या पकडली आणि सकाळी दादरला उतरलो.

दादरहून चालतच परळला आलो. सामंत ज्या महाविद्यालयात डॉक्टर झाले ते केईएम रुग्णालयाचं, म्हणजे गिरणगावाच्या ऐन मध्यावर. केईएमच्या फाटकाशी आजही तीच गर्दी : हातात एक्स-रेचं पाकीट, काखेत पिशवी, डोळ्यांत रात्रीचं जागरण. एकेकाळी याच फाटकातून कापसाच्या तंतूंनी छाती भरलेले कामगार आत जायचे. शिकाऊ डॉक्टरला गिरणी कामगार पहिल्यांदा भेटला तो रुग्ण म्हणून, असं मला इथं उभं राहिल्यावर वाटलं. पुढं त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. तिथं येत दगडखाणींतले मजूर, फुटलेली बोटं आणि ठेचलेले पाय घेऊन. जखमेला पट्टी बांधून माणूस पुन्हा त्याच खाणीत पाठवायचा, हे त्यांना पटेना. युनियनचं काम तिथून सुरू झालं. काँग्रेस आणि तिची कामगार संघटना इंटक यांच्याशी नातं जुळलं, सत्तरच्या दशकात ते आमदारही झाले, आणि आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्यांचं नाव कारखान्या-कारखान्यांत पोचलं. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कामगारांना त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीची चर्चा गिरण्यांच्या खानावळींत रंगायची. मालकाचा ताळेबंद काय म्हणतो, यापेक्षा कामगाराचं घर कशानं चालेल, हा त्यांचा हिशेब होता.

परळहून करी रोडकडे निघालो की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. १९२० साली आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे नारायण मल्हार जोशी पुढं दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षं बसले. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे १९५७ मध्ये इथूनच लोकसभेवर गेले. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे पहिले आमदार, वामनराव महाडिक, निवडून आले. कामगारानं आपला माणूस सभागृहात पाठवायचा, ही रीत या गल्ल्यांत सामंतांच्या आधीपासून होती, आणि तिची किंमतही या गल्ल्यांनी मोजलेली होती.

करी रोडला आत्या राहते. चाळ गेली, टॉवर आला, तिला त्यात तेविसाव्या मजल्यावर घर मिळालं. खिडकीतून फिनिक्स मिलची चिमणी दिसते, आता मॉलच्या गर्दीत. मी भाकरी आणि सुक्या बांगड्याच्या ताटावर बसलो आणि ती सांगत राहिली.

"संप कुणी लादला नव्हता रे बाबांवर. दिवाळीच्या बोनसवरून आधीच डोकी तापली होती. माणसं आपण होऊन डॉक्टरांच्या दारात गेली."

आत्या सांगते ते खरंच आहे. १९८१ च्या ऑक्टोबरात कामगार घाटकोपरला त्यांच्याकडे गेले, कारण आपल्या युनियनवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणीधंद्यात वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघाला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिला होता. त्यामुळं लढाई नुसत्या पगाराची नव्हती, आपल्या वतीनं कुणी बोलायचं याचीही होती. गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरते घेतले जाणारे ते बदली कामगार; त्यांना कायम करा, ही मागणी होतीच. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले.

"आईनं पहिल्यांदा पाटल्या विकल्या," आत्या म्हणाली. "मग पितळेचे हंडे. मग आम्हां दोघांना गावी पाठवलं. बाबा मात्र इथंच राहिले. रोज सभेला जायचे."

मालकांना घाई नव्हती. गोदामांत कापड पडून होतं, भिवंडीचे यंत्रमाग चालू होते, आणि जुन्या यंत्रांपेक्षा गिरणीखालची जमीन महाग होत चालली होती. सरकारही हललं नाही. इतक्या मोठ्या धंद्यात, इतक्या बळकट विरोधकांसमोर, कारखान्यातली रीत चालणार नाही, हे डॉक्टरांनी वेळेत ओळखायला हवं होतं असं मला वाटतं. पण सामंतांनी गिरण्या बुडवल्या, हे एका वाक्यात उरकणाऱ्यांना मी आत्याच्या स्वयंपाकघरात आणून बसवेन. कारण तिनं पुढं सांगितलं ते १९८४ च्या डिसेंबरचं.

इंदिरा गांधींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. देशभर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसनं घेतल्या. सहावी, मुंबई दक्षिण मध्य, अपक्ष दत्ता सामंतांना मिळाली.

"बाबांना तेव्हा काम नव्हतं," आत्या म्हणाली. "गिरणीनं परत घेतलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी आईला म्हणाले, तो इस्त्रीचा सदरा काढ. जोडीनं गेले. परत येताना अर्धा किलो जिलबी आणली. पैसे कुठून आणले, आईनं विचारलं नाही."

संपात सगळं गेलेल्या माणसांनी, ज्याच्यामुळं ते गेलं असं जग म्हणत होतं, त्यालाच संसदेत पाठवलं. त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं असतं, तर लाट होतीच समोर. तिच्यात वाहून जायला काही कष्ट नव्हते. दिल्लीत एकट्या खासदारानं गिरण्यांची दारं उघडणार नव्हती. १९८९ ला ती जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली, १९७० च्या पोटनिवडणुकीतले तेच महाडिक. पण जिलबीचा तो पुडा आत्याला चाळीस वर्षांनी आठवतो.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून बसनं पवईला गेलो. १६ जानेवारी १९९७ च्या सकाळी डॉक्टर इथल्या घरून पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले होते. वाटेत गाडी अडवून त्यांना गोळ्या घातल्या. संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. रस्त्यावर शाळेच्या बस, काचेच्या इमारती, दुचाकींवरून जेवण पोचवणारी तरुण मुलं. सिग्नलला थांबलेल्या त्यांतल्या एकाला विचारलं, गाव कुठलं? "कणकवली," म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला.

संध्याकाळी आत्याकडे परतलो. देवबागच्या काकांबद्दल सांगितलं. तिनं एकच विचारलं, "त्यांचा बापूस कुठल्या गिरणीत होता?"

ते मी विचारलंच नव्हतं. मे महिन्यात पुन्हा जाणार आहे, आत्याला घेऊन.