कारणाचा रकाना

प्रवेश रद्द करण्याचा अर्ज एकाच पानाचा असतो. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, पालकांची सही आणि तळाशी एक रकाना: कारण. पहिल्या वर्षाच्या सातव्या आठवड्यात मी तो अर्ज कार्यालयातून आणला, रात्री खोलीत बसून वरचं सगळं भरलं आणि त्या शेवटच्या रकान्यापाशी अडले. अभ्यास झेपत नव्हता असं नाही. तब्येत ठीक होती. कोणी त्रास दिला नव्हता, कोणी वाईट बोललं नव्हतं. मुळात कोणी बोललंच नव्हतं. 'इथे मला कोणी ओळखत नाही' हे कारण म्हणून लिहायचं कसं?

घराची आठवण रात्री छळते असं ऐकलं होतं. मला ती दुपारी छळायची. दोन तासांच्या मधे पन्नास मिनिटं रिकामी असायची, वर्ग फुटायचा, आणि बघता बघता सगळे तीन-तीन, चार-चारच्या घोळक्यांत विरघळून जायचे. हे घोळके कधी जमले, कोणत्या दिवशी, मी तेव्हा कुठे होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग मी सूचनाफलक वाचत उभी राहायचे. भरलेली पाण्याची बाटली ओतून पुन्हा भरायचे. वसतिगृहाच्या मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर जायचे, म्हणजे एकटं बसलेलं कोणाला दिसायला नको. रविवार तर संपता संपत नसे.

शाळेत मी कधी एकटी नव्हते. पण आता मागे वळून बघताना एक गोष्ट लख्ख दिसते: शाळेत मी मैत्री केलीच नव्हती. ती माझ्या आधीपासून तिथे होती. पहिलीत ज्या मुलींशेजारी बसवलं त्याच दहावीपर्यंत शेजारी होत्या. मैत्री करावी लागते, तिला वेळ लागतो, सुरुवातीला ती अवघडलेली असते, यातलं काही मला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे कॉलेजात दोन आठवड्यांत कोणी जवळचं झालं नाही, तेव्हा मी सरळ निष्कर्ष काढला की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

घरी रोज रात्री फोन व्हायचा आणि मी रोज 'छान चाललंय' म्हणायचे. अर्जावर पालकांची सही लागणार होती म्हणून अखेर खरं सांगावं लागलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी नोकरीला लागले ना, तेव्हा सहा महिने डबा एकटीच खात होते. तुला कधी सांगितलं नाही." ती मला थांब म्हणाली नाही, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. "सही करते मी. फक्त हे सत्र पुरं कर, मग दे तो अर्ज," एवढंच बोलली. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. परत जायची वाट उघडी आहे म्हटल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरलं. थांबायचं बळ मला त्या कोऱ्या रकान्याच्या कागदाने दिलं असं म्हटलं तरी चालेल.

माझा विषय मानसशास्त्र. आमच्या प्रात्यक्षिकांत जोड्या असतात: एकजण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पुढच्या वेळी उलट. जोड्या हजेरी क्रमांकानुसार लावल्या होत्या, त्यामुळे कोणाला विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. आठव्या आठवड्यात आरसा-रेखनाचा प्रयोग होता. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी असते, आपला हात पुठ्ठ्याआड झाकलेला, आणि फक्त समोरच्या आरशात बघून त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेषा कशीबशी जमते. कोपरा आला की हात अडतो, डोळे सांगतात तिकडे तो जातच नाही. पहिल्या फेरीत एका कोपऱ्यात मी इतकी अडकले की जोडीदार घड्याळ हातात धरून हसत सुटली. मीही हसले. सात आठवड्यांत पहिल्यांदा कोणाबरोबर हसले होते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत वेळ आणि चुका दोन्ही खूप कमी झाल्या. हात तोच, चांदणी तीच. तिने आकडे मांडले, मी आलेख काढला, आणि खाली उतरताना ती सहज म्हणाली, "उद्या आलेख तपासून घेऊया का एकत्र?"

त्या 'उद्या'ने फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. आम्ही लगेच मैत्रिणी झालो नाही. पण दुपारच्या पन्नास मिनिटांत जायला एक जागा झाली.

दुसऱ्या सत्रात सामाजिक मानसशास्त्राच्या तासाला आमच्या बाईंनी एक प्रयोग सांगितला आणि मी लिहायची थांबले. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ साली तो प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी. एकीने एका वर्गाच्या पंधरा तासांना हजेरी लावली, दुसरीने दहा, तिसरीने पाच, चौथीने एकाही नाही. त्यांनी कोणाशी बोलायचं नाही, फक्त येऊन बसायचं आणि निघून जायचं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींची छायाचित्रं दाखवली. जी जास्त वेळा आली होती ती त्यांना जास्त आवडली. एक शब्दही न बोलता.

मी वहीच्या कडेला माझे आठवडे मोजत बसले. मला वाटत होतं, मी रोज जाऊन बसते आणि काहीच घडत नाही. पण बसणंही मोजलं जात होतं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा चेहरा मला ओळखीचा वाटू लागला होता, तसा माझाही कोणाला तरी वाटत असणार. उलट मी जे करत होते, म्हणजे मेसला उशिरा जाणं, रिकाम्या वेळात दिसेनासं होणं, त्याने मी स्वतःला पुसून टाकत होते.

आणि ज्या नजरा चुकवायला मी लपत होते त्या बऱ्याचशा नव्हत्याच. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या जवळपास निम्म्यांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता. हे वाचलं त्याच दिवशी मी भर गर्दीत मेसमध्ये एकटी जाऊन बसले. हात थरथरत होते. कोणी वळूनही बघितलं नाही, आणि दहा मिनिटांनी एकीने विचारलं, "इथे बसू का?" तिला फक्त रिकामी खुर्ची हवी होती. ते पुरेसं होतं.

माझी खोली वसतिगृहाच्या मजल्यावर शेवटची. शांत म्हणून मी ती आनंदाने घेतली होती. ग्रंथालयात फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांच्या १९५० सालच्या अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा त्या शांततेचा दुसरा अर्थ लागला. एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली हे त्यांनी तपासलं होतं. मजल्यावर पाच घरं. लगतच्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के मित्र झाले, एक घर सोडून राहणाऱ्यांपैकी २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. अंतर अवघं काही पावलांचं! जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या तर दुसऱ्या मजल्यावरही जास्त ओळखी होत्या, कारण येणारे-जाणारे त्यांच्याच दारावरून जात.

मी ज्याला इतके दिवस माझा स्वभाव समजत होते, त्यात माझ्या दाराचाही वाटा होता. खोली बदलून मिळाली नाही. मग मी संध्याकाळी पुस्तक घेऊन जिन्याच्या चौकात, पाण्याच्या फिल्टरजवळच्या बाकावर बसू लागले. पाणी भरायला दिवसातून एकदा तरी प्रत्येकीला तिथे यावंच लागतं. पहिल्या आठवड्यात नुसतं हसणं, मग 'काय वाचतेस', मग कोणी बाटली भरता भरता पाच मिनिटं टेकायचं. अभ्यास कमी झाला, हे कबूल करते. मला तो सौदा मान्य होता.

मंडळांचा अनुभव मात्र संमिश्र. नाट्यमंडळाची निवड चाचणी दिली, निवड झाली नाही. वाचन मंडळात दोनदा गेले आणि सोडलं. भित्तिपत्रकाच्या गटात टिकले, कारण तिथे बोलायची सक्ती नव्हती, काम होतं: मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा, कडा कापायच्या, चिकटवायचं. दर शनिवारी. एका शनिवारी ताप होता म्हणून गेले नाही, तर संध्याकाळी दोघी खोलीवर आल्या आणि दारातूनच एकीने विचारलं, "अगं, डिंक कुठे ठेवलास तू?" त्या गेल्यावर मी रडले. आपण नसलो की काहीतरी अडतं, ही भावना किती महिन्यांनी आली होती!

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा अभ्यास सांगतो की ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबतीचे सुमारे ५० तास लागतात, मैत्री म्हणावी अशी व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. नुसते एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, रिकामपणी घालवलेले पडतात. मला हे आकडे सातव्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर! तेव्हा माझ्या खात्यावर कोणाबरोबरचे दहा तासही नव्हते आणि मी स्वतःला नापास ठरवून मोकळी झाले होते.

एक सांगायलाच हवं. मधल्या काळात मी कॉलेजच्या समुपदेशकांकडेही तीनदा गेले. दोन आठवडे झोप लागत नव्हती, सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, आणि त्यावर बाकावर बसून राहणं हा उपाय नव्हे. त्यांनी घरच्या फोनची वेळ ठरवून घ्यायला लावली, रडू आलं की लगेच लावायचा नाही. पहिले चार दिवस फार जड गेले. मग संध्याकाळ थोडी माझी होऊ लागली.

दुसऱ्या बाकावरची ती मुलगी पहिलं सत्र संपताच कॉलेज सोडून गेली. चार महिने मी तिच्या बरोबर मागे बसले होते. तिची वेणी, तिचं हिरवं कंपास, हजेरीला 'येस मॅम' म्हणतानाचा तिचा आवाज, सगळं मला माहीत होतं. बोलले एकदाही नाही. ती नेहमी इतकी शांत, व्यवस्थित दिसायची की हिचं सगळं जमलेलं आहे असं मी धरून चालले होते. वर्षाच्या शेवटी खोली आवरताना अर्ज सापडला, रकाना अजून कोरा, आणि मला एकदम ती आठवली. वर्गाच्या ग्रुपवर तिचा नंबर अजून होता. तासभर विचार करून मी लिहिलं: मी तुझ्या मागे बसायचे, तू गेलीस ते कळलं, बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "मागे बसणारी तूच ना? मला वाटायचं तुझं इथे मस्त चाललंय, तू मला कशाला बोलावशील."

आता आम्ही बोलतो. नव्या कॉलेजातही ती दुसऱ्याच बाकावर बसते म्हणाली.