आखाजीच्या दिवशी एक फेज गेला

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात इलेक्ट्रिशियनला कोणी फोन करत नाही. रस-मांडे पोटात गेले की माणूस आडवा होतो. त्यामुळे सकाळी सव्वाअकराला अमळनेरहून जिभाऊंचा फोन आला, तेव्हाच पोटात गोळा आला. त्या घराचं वायरिंग माझं होतं.

जिभाऊ निवृत्त शिक्षक. मुलगा कॅलिफोर्नियात, बर्कलेजवळ. घर बांधायला काढलं तेव्हा त्याने अट घातली की नव्या घरात गॅस नको, सगळं विजेवर. बर्कले शहराने २०१९ मध्येच नियम केला होता, नव्या इमारतीत गॅसची पाइपलाइन घालायची नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, पाइपांतून मिथेन गळतो, ही कारणं तो मला फोनवर समजावून सांगायचा. मग एकदा त्यानेच हसत सांगितलं, हॉटेलवाल्यांची संघटना कोर्टात गेली, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने नियम रद्द ठरवला आणि पुढच्या वर्षी शहराने तो मागे घेतला. मी म्हटलं, "दादा, तिकडे उडालेला नियम तू अमळनेरात लावतोस होय?"

खरं तर नियम 'नव्या' बांधकामालाच का, हे मला लगेच पटलं होतं. प्लास्टरच्या आधी जाड वायर टाकायला खर्च किरकोळ. तेच राहत्या घरात करायचं म्हणजे झिरी मारा, टाइल फोडा, वर घरच्यांची बोलणी खा. मात्र तिथला नियम पाइपापुरता. आपल्याकडे गॅस सिलिंडरने येतो, तो कुठल्याही दिवशी आत येऊन बसतो. त्याला कोणता नकाशा अडवणार?

थ्री फेज घेतलं, म्हणजे घरात आर, वाय, बी अशा विजेच्या तीन वेगळ्या लाइनी, अर्थिंग नीट केलं, छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, अनुदानाचे ७८,००० रुपयेही आले. जिभाऊ मात्र टोमणा मारायचे, "स्वयंपाकघरात धूर नाही, तो दीपनगरच्या वीज केंद्रात निघतो."

पोचलो तेव्हा पारा ४४ च्या आसपास. हॉलमधला एसी चालू, फ्रिज चालू, आणि ओट्यावरच्या दोन्ही इंडक्शन शेगड्या मेलेल्या. टेस्टर लावला. आर फेज गायब. चौकातल्या डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतला त्या फेजचा फ्यूज उडाला होता. आखाजीला घरोघर एसी आणि कूलर, तो बिचारा किती दम धरणार?

बरं, छतावर ऊन नुसतं भाजत होतं, पण सोलरही बंद. त्याचा इन्व्हर्टर त्याच फेजवर. लाइनला वीज नसेल तर ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, नाहीतर डीपीवर काम करणाऱ्या वायरमनलाच शॉक बसेल. हे मी वहिनींना समजावत होतो आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, त्या नजरेला उत्तर नव्हतं.

पातेल्यात पुरणाची डाळ अर्धकच्ची. आजी दारात उभ्या. "भाऊ, लाईट गई ते गई, दाय कशी शिजी?"

मांड्यांची चिंता नव्हती. आजींनी आराखड्यातच परसात चुलीची जागा मागून घेतली होती. मांडे ज्यावर भाजतात ते उपडं मातीचं खापर इंडक्शनवर तापत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पण सण नव्या घरातला पहिला, म्हणून वहिनींनी डाळ हौसेने आत लावली होती.

चूक माझीच होती. दोन्ही शेगड्यांचे सॉकेट मी एकाच तारेवर, एकाच फेजवर घेतले होते. अठरा वर्षं किचन म्हणजे मिक्सर आणि फ्रिज, एवढंच डोक्यात. काही बिघडलं तरी स्वयंपाक गॅसवर चालू असायचा, माझ्या असल्या चुका कधी कोणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या.

मेन पाडला. किचनची तार आर वरून वाय फेजच्या एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणावर, घेतली. वाय वर हॉलचा एसी होता, तो बंद करायला लावला. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. मेन चढवला. दोन्ही शेगड्या पूर्ण लावून क्लॅम्प मीटर धरला, सतरा अँपिअरच्या आतबाहेर. तार सोसत होती. पण तोवर आजींनी पातेलं उचलून परसात नेलं होतं. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या कडाडत होत्या आणि डाळीला उकळी फुटली होती. मी आत इंडक्शनवर काय ठेवायचं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "आता चहाच ठेवा."

फ्यूज संध्याकाळी बसला. त्याच आठवड्यात मी फेज सिलेक्टर, म्हणजे एका फेजवरून दुसऱ्यावर जायचा स्विच, लावून दिला, पैसे घेतले नाहीत. पण दुसऱ्या शेगडीला स्वतंत्र तार हवीच होती, एक एमसीबी पडला की दोन्ही बंद पडायला नकोत. भिंतीतल्या पाइपात जागा उरली नव्हती, जास्तीचा रिकामा पाइप मी सोडला नव्हता, आणि त्या टाइलचा रंग दुकानातून संपला होता. म्हणून नव्याकोऱ्या टाइलवरून तार झाकणारी पांढरी पट्टी ओढली, कोपऱ्यापासून सॉकेटपर्यंत, सरळ डोळ्यात भरेल अशी.

परवा गेलो होतो. वहिनींनी तिच्यावर कॅलेंडर टांगलंय. पट्टी लांब आहे, कॅलेंडर पुरत नाही.